पायाळूचा पाय

आमचे मालक पायाळू होते. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याकडून न येता पायाकडून आलेले. अशा माणसाचा पाय लागला की कंबरेत भरलेली उसण उतरते, असं आमच्या हदगावकडं सगळे मानतात. त्यामुळं सकाळी ओसरीवर कोणी ना कोणी कंबर धरून उभं असायचं. ते उजव्या पायाचा अंगठा हळूच टेकवायचे. लाथ कधी मारली नाही. कोणी म्हणालंच, "जरा जोरात हाणा की मालक," तर म्हणायचे, "बैल हायस का तू?"

लग्नानंतर मला पहिल्यांदा उसण भरली, तेव्हा सासूबाई चुलीजवळूनच ओरडल्या, "घरात दवा असून ही बाई वाकडी चालून राहिली!" मी लाजेनं मेले. नवऱ्याचा पाय, तोही दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. त्यांनी भिंतीकडं तोंड करून पाय लावला आणि तसेच शेतात निघून गेले. कंबर दुखायची राहिली की नाही ते आता आठवत नाही. पाय ऊन होता एवढं आठवतं.

गेल्या पोळ्यानंतर त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडात मोजकेच शब्द उरले होते. त्यांना उठवणं, बसवणं, कूस बदलणं, अंघोळ, सगळं मी करायची. मुलगा लातूरला नोकरीला. त्यानं एक माणूस लावून दिला होता. त्या माणसानं अंघोळीसाठी धोतराला हात घातला तसे हे लहान लेकरासारखे रडायला लागले. जन्मभर कोणापुढं उघडे बसले नव्हते. मी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं.

मग माझी कंबर धरली. एकदा त्यांना बाजेवरून उठवताना अशी कळ आली, की मी त्यांच्यासकट खाली बसले. मुलगा आला, त्यानं मला वाकडं चालताना बघितलं. मग म्हणाला, "आई, बाबाला लातूरला नेतो. तिथं आजारी माणसं सांभाळायचं घर हाय. तू पडलीस तर तुम्हा दोघांना कोण उचलणार? तू तरी सुटशील."

त्याचं चुकीचं नव्हतं. पण मला सुटायचं नव्हतं. बाजेवर हे माझ्याकडंच बघत होते. म्हणाले, "न्हाई." तेवढा शब्द त्यांना चांगला यायचा. मुलगा म्हणाला, संक्रांतीपर्यंत बघू.

यांच्या हातापायाचा व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. तिनं मला चालताना पाहिलं. "मावशी, काकांना कसं उठवता ते दाखवा." मी दाखवलं. ती डोक्याला हात लावून म्हणाली, "अहो, असं पोतं तरी कुणी उचलतं का? कंबरेतून वाकायचंच नाही. गुडघ्यात वाका, त्यांना अंगाशी घ्या, मग उठा." पायाला मुंग्या येतात का, बधिर होतो का, तेही विचारलं. म्हणाली, तसं झालं तर आधी दवाखाना.

मग तिनं सतरंजी अंथरली आणि मला झोपायला सांगितलं. मला कसंसंच झालं. यांच्यासमोर दिवसा जमिनीवर आडवं व्हायचं, गुडघे उभे करायचे? मी पदर सारखा करत उभीच राहिले. ती म्हणाली, "काका, तिकडं बघा हो, मावशी लाजून राहिल्या." त्यांनी खरंच भिंतीकडं तोंड केलं. अर्ध्या तोंडानं हसत होते, ते मला पाठीमागूनही कळलं.

व्यायाम कसले, लेकरांचे खेळच. उताणं झोपून गुडघे उभे करायचे आणि कंबर हळूच जमिनीला टेकवायची. एकेक गुडघा पोटाशी घ्यायचा. रांगत्या बाळासारखं होऊन पाठ वर करायची, खाली सोडायची. शेवटी पालथं झोपून नुसतं श्वास घेत पडायचं. "दुखेल तिथं थांबा, श्वास कोंडू नका. उठताना आधी कुशीवर वळा." रोज थोडं चालायलाही सांगितलं. मी बांधापर्यंत जाऊन यायची.

एक दिवस त्यांना बाजेच्या कडेला भिंतीला टेकवून बसवलं होतं. खाली त्यांच्या पायाशी मी पालथी पडले होते. वर काहीतरी खसखस ऐकू आली. बघितलं तर ते डाव्या पायानं उजवा पाय ढकलत होते. डावा पाय धड होता, पण गुण उजव्याला, हे ते विसरले नव्हते. ढकलत ढकलत त्यांनी तो पाय बाजेच्या कडेवरून सोडला. माझ्या कंबरेवर पडला. थंड होता, ओल्या लाकडासारखा जड.

"लागला?" त्यांनी विचारलं.

पाय त्यांचा, आणि लागला की नाही ते त्यांनाच कळत नव्हतं.

मी तोंड सतरंजीत घातलं आणि म्हणाले, "लागला."

मग रोजच तसं चालू झालं. मी पालथी झाले की वर खसखस, आणि मग तोच शब्द. मुलगी म्हणायची, व्यायामानं फरक पडतोय. पडत असेल. मी तिला पायाचं कधी सांगितलं नाही.

संक्रांतीला मुलगा आला. मी गुडघ्यात वाकून, त्यांना अंगाशी धरून एकटीनं उठवलं आणि ओसरीवर उन्हात नेऊन बसवलं. कळ आली नाही. मुलगा बघत राहिला. तिळगूळ घेताना म्हणाला, "राहू दे. न्हाई नेत." यांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

होळीच्या आधी दुसरा झटका आला. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. तिरडी उचलण्याआधी पाया पडायला मला पुढं आणलं. बाया म्हणाल्या, "धरा गं तिला, कंबर धरलेली हाय तिची." कोणी धरायची गरज पडली नाही. मी गुडघ्यात वाकले, डोकं उजव्या पायावर ठेवलं. आता दोन्ही पाय सारखेच थंड होते.

परवा शेजारच्या गावची एक बाई कंबर धरून दारात आली. तिला काही माहीत नव्हतं. "मालक हायत का? पाय लावून घ्यायचा व्हता." मी पाणी घेऊन बाहेर गेले. तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं, आणि पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.

ती व्यायामवाली मुलगीही मधे भेटून गेली. माझी कंबर आता दुखत नाही. ती खूश झाली. "सगळे व्यायाम चालू आहेत ना मावशी? पालथं झोपायचा?"

"हाव," म्हणाले.

बाकीचे सगळे करते. तेवढा एक होत नाही.