पडद्याआडचा मुहासबा

भोरच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. पुढे मशीन, मागे कापड कापायचं टेबल आणि मध्ये एक निळा पडदा. दुपारनंतर बायको येऊन काजबटणं करते. कबूल केलेल्या दिवशी कपडे तयार नसले आणि गिऱ्हाईक समोरून येताना दिसलं, की मी पडद्यामागे जातो. बाहेरचं बायको बघते. ही आमच्या धंद्याची रीतच आहे, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो होतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मशिदीत नवे मौलाना आले. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलणं हळू. एका शुक्रवारी ते मुहासब्यावर बोलले. मुहासबा म्हणजे स्वतःच स्वतःची झडती घेणं. कयामतच्या दिवशी प्रत्येकाला जाब द्यायचाच आहे, तेव्हा रोज थोडा वेळ बसून आजच स्वतःला विचारा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी मान डोलावत होतो आणि मनात म्हणत होतो की हे आमच्या शेजारच्या दुकानदाराने ऐकायला हवं होतं.

तरी मी उत्साही माणूस. दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली आणि अस्रच्या, म्हणजे दुपार उतरल्यावरच्या नमाजानंतर मशिदीच्या ओट्यावर बसून लिहायला लागलो. पहिल्या आठवड्यात माझ्यात काही दोषच सापडेना. मला खरंच आश्चर्य वाटलं. मग चांगल्या गोष्टी लिहून काढल्या. ‘बायको ओरडली, मी उलट बोललो नाही.’ ‘आज कुणाची निंदा केली नाही.’ त्या दिवशी पावसामुळे दुकानात कुणी फिरकलंच नव्हतं, ते लिहायचं राहिलं. दुसऱ्या आठवड्यात वहीत बाकीच्यांचेच दोष जास्त भरले. म्हणजे मुहासबा चालू होता, फक्त लोकांचा.

एक दिवस बायकोने ती वही वाचली. मी मुद्दामच मशीनवर ठेवली होती, हे आता सांगायला हरकत नाही. तिने शेवटचं पान उलटलं आणि विचारलं, “परवाचे ते वेल्ह्याकडचे बाबा कुठं लिहिलेत?”

“कोण बाबा?”

“ज्यांना मी सांगितलं की तुम्ही नमाजला गेलाय.”

मग मला आठवलं. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एक धनगरवाडा आहे. तिथले एक म्हातारे बाबा नातीच्या साखरपुड्यासाठी पांढरा नेहरू शर्ट शिवायला टाकून गेले होते. दोनदा येऊन रिकाम्या हातांनी परतले. तिसऱ्यांदा आले तेव्हा शर्टाच्या बाह्या लागायच्या होत्या. मी पडद्याआड गेलो आणि बायकोला खूण केली. तिने नमाजचं कारण सांगितलं. बाबा म्हणाले, “मंग बसतो की,” आणि दाराशी बसले. ते बसून राहिले आणि आत मी उभा राहिलो. टेबलावर कापड पसरलेलं, स्टूल बाहेर. शेवटी ते उठून गेले. एवढा वेळ फुकट गेला म्हणून मी त्यांच्यावरच चिडलो होतो. आणि या सगळ्यात माझी अस्र खरोखरच चुकली होती.

“तुमची झडती तुम्ही घ्या,” बायको म्हणाली, “पण मी खोटं बोलले, तेही नमाजच्या नावावर. दोन दिवस झाले, मला ते टोचतंय. माझ्याकडे वही नाही म्हणून सांगते. यापुढे मी असं खोटं बोलणार नाही.”

मी मौलानांकडे गेलो. दोन-चार जास्तीचे नमाज पढून हे मिटेल, असा माझा अंदाज होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

“अल्लाहची माफी अल्लाहकडे मागा,” ते म्हणाले, “पण त्या बाबांना जो त्रास दिलात, त्याची माफी त्यांच्याकडेच मागावी लागेल.”

“ते फार लांब राहतात हो.”

“ते तीनदा आले ना?”

मी उठलो आणि थेट दुकानात आलो.

शर्ट पुरा केला. आयुष्यात इतकी काळजी मी कुठल्या शर्टाची घेतली नसेल. दोनदा इस्त्री केली. सकाळच्या एसटीने नसरापूर गाठलं, तिथून वेल्ह्याची गाडी धरली आणि पुढे विचारत विचारत डोंगर चढायला लागलो. रस्ताभर मी माफीचं भाषण जुळवत होतो. त्यात दोन ठिकाणी माझा आवाज दाटून येणार होता. बाबांचे डोळे ओले होतील, असंही मी धरून चाललो होतो. हे सगळं वहीत कसं लिहायचं, तेही जवळजवळ ठरलं होतं. मग चढ वाढला आणि भाषणातलं एकेक वाक्य गळत गेलं. वर पोचलो तेव्हा तोंडातून नुसती धाप निघत होती.

बाबा गोठ्यात म्हशीला वैरण घालत होते. मला बघून गडबडले. “आवं मास्तर! तुमी हितं कुठं?”

“शर्ट आणलाय,” मी कसंबसं म्हणालो. “साखरपुडा...?”

“झाला की मागल्या बुधवारी. जावयाचा शर्ट घातला. त्यो उंच हाय, म्हून बाह्या दुमडून बसलो,” असं म्हणत त्यांनी माझ्यासाठी घोंगडं अंथरलं. आजी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, “बाबा, मी माफी मागायला आलोय. त्या दिवशी तुम्ही थांबलात, तेव्हा मी...”

“नमाजात हुता की तुमी,” बाबा म्हणाले. “पडद्याखालून पाय दिसत हुते. म्या म्हणलं, आतच चाललाय नमाज, मधी बोलू नये. लई येळ उभं ऱ्हायला तुमी. आपल्याच्यानं इतकं न्हाई व्हायचं. मग माझी वेल्ह्याची गाडी गेली, म्हून नसरापूरला पाव्हण्यांकडं मुक्काम केला.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते चेष्टा करत होते की खरंच बोलत होते, मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. एवढं मात्र खरं, की गप्प बसलो असतो तर मी त्या वाड्यावरून मोठा नमाजी म्हणून खाली उतरलो असतो. दोन क्षण मी गप्प बसलोही. तेही इथे लिहून ठेवतो.

“नमाज नव्हता,” मी म्हणालो. “शर्ट झाला नव्हता, म्हणून लपलो होतो. बायकोला खोटं बोलायला लावलं.”

तयार केलेल्या भाषणातलं एवढंच उरलं होतं. आवाज दाटून वगैरे काही आला नाही. आजींनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही दबलं नाही. बाबा हसले नाहीत. हातातली वैरण त्यांनी खाली ठेवली.

“म्हंजी तुमी तितका येळ नुसतंच उभं हुता?”

“हो.”

“आन म्या भाईर नुसताच बसून.” मग ते म्हणाले, “मास्तर, झाला न्हाई म्हणलं असतं, तर म्या काय मारलं असतं व्हय? गाडी तरी घावली असती.”

“चुकलं, बाबा.”

“व्हय, चुकलं,” ते म्हणाले.

चुकलं नाही, असू द्या, असं काही ते म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं तसं हलकंही वाटलं नाही. चुकलं होतं, एवढं आम्हा दोघांना मान्य झालं. मग त्यांनी शर्ट मागितला, तिथेच गोठ्यात घातला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. आजींनी मागे वळायला लावून बघितलं. “लग्नाला हुईल,” त्या म्हणाल्या. दुधाचा चहा झाला. निघताना बाबा तोच शर्ट घालून मला खालच्या वाटेपर्यंत सोडायला आले. वाटेत गळ्यातलं एक बटण त्यांनी सोडलं, गळा घट्ट होत होता म्हणून. मी बघितलं, पण बोललो नाही. मग दहा पावलांवर थांबून म्हणालो, “गळा माझ्या हातून लहान झालाय. लग्नाआधी येऊन मोठा करून देतो.”

“व्हय, झालाय खरा,” बाबा म्हणाले.

लग्नाच्या चार दिवस आधी मी गेलो आणि गळा नीट करून दिला. हा दुसरा चढ पहिल्यापेक्षा सोपा वाटला. भाषणाचं ओझं नव्हतं.

दुकानात आता कपडा झाला नसेल तर झाला नाही म्हणून सांगतो. बरेच जण रागावतात, एक-दोघांनी कापड परत नेलं. मुहासब्याला अजून अस्रनंतर बसतो. काही दिवस पाच मिनिटांत डुलकी लागते. आणि मौलाना शुक्रवारचं बयान करताना अजूनही कधीकधी, हे आमच्या शेजाऱ्याने ऐकायला हवं, असं मनात येतंच. तसं झालं, की त्या दिवशी मी मुहासब्याला थोडा जास्त वेळ बसतो.