इसालेची रांग आणि अमिनिएल भावोजी

अमिनिएल लेमा हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहीण जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मी त्यांना भावोजीच म्हणते आणि रोज एकदा चढ चढून त्यांच्या चुलीत डोकावून येते. माणूस देवाचा, पण धड एक निर्णय घेतील तर शपथ. कॉफीच्या सोसायटीत त्यांनी आयुष्यभर पोती तोलली. तिथे काटा सांगेल ते खरं, म्हणून तिथे त्यांचं कधी चुकलं नाही. घरात काटा नव्हता. पोराच्या बाप्तिस्म्याला बहीण म्हणाली, नाव गॉडलिसन ठेवू, तर हे म्हणाले, "बरं." पाळकांनी विचारलं, दुसरं काही सुचतंय का, त्यांनाही म्हणाले, "बरं." शेवटी पाळकांनी बहिणीच्याच तोंडाकडे बघून पाणी शिंपडलं.

एकाच बाबतीत मात्र भावोजी दगडासारखे घट्ट होते. धाकटा भाऊ एलिसारिया शेजारीच राहतो. दोघांच्या घरांपुढे एकच मोठं अंगण आणि मधून इसालेची, म्हणजे लांब पानांच्या झाडांची, रांग. आमच्या माचामेच्या डोंगरउतारावर हद्द म्हणजे इसाले, तिथे तारेचं कुंपण लागत नाही. बहिणीचे सासरे वारले आणि दोघं भाऊ भांडले की रांग सरकली आहे. हा म्हणे त्यानं सरकवली, तो म्हणे यानं. मला विचाराल तर कुणीच सरकवली नाही. झाडं आहेत ती, वाढतात. पण मला विचारतो कोण!

तेव्हापासून बोलणं बंद. ज्याची चूक त्यानं इसालेचं पान गाठ मारून दुसऱ्याच्या दारी न्यायचं, ही आमची रीत. गाठीचं पान आलं की समोरच्याला माफी नाकारता येत नाही, मग खून का झालेला असेना. पण आधी पाठवायचं कुणी?

"चूक त्याची आहे, न्देशी. पान त्यानं पाठवावं," भावोजी मला सांगायचे.

तिकडे एलिसारियाही बायकोला तेच सांगत होता. दोघं आपापल्या ओट्यावर, एकमेकांकडे पाठ करून बसायचे. भावोजी त्याचा खोकला ऐकायचे आणि मला विचारायचे, "आज जास्त खोकतोय का गं?" तुम्हीच जाऊन बघा म्हटलं की कॉफीचे दाणे निवडायला लागायचे. भाऊ हवा होता त्यांना, अगदी जीव तुटत होता, पण तोंडातून शब्द निघत नव्हता.

डिसेंबर आला आणि सगळ्यांसारखी यांचीही पोरं नाताळाला दार-एस-सलामहून गावी आली. आली ती अंगण बदलायच्या कल्पना घेऊनच. गॉडलिसन म्हणाला, "बाबा, सगळीकडे पेव्हर ब्लॉक घालू. गाडी सरळ दारापर्यंत येईल."

"बरं."

लेक आइची म्हणाली, "शी! ब्लॉक काय? हिरवळ करू आणि कडेनं गुलाब."

"बरं."

गॉडलिसनची बायको काबुला लांबच्या म्वांझाकडची, सुकुमा जमातीची; इसालेची रीत तिला ठाऊक नाही. मोबाईलवर चित्रं दाखवत ती म्हणाली, "बाबा, मधे गोल वाफा, त्यात जास्वंद, भोवती पायवाट."

"बरं, तेही करू."

"अहो, कुठे करणार?" मी ओरडले. "गुलाबावरून गाडी नेणार का?"

भावोजी अंगणात जाऊन उभे राहिले. इकडे चार पावलं, तिकडे चार पावलं, मग पुन्हा होते तिथेच. "न्देशी, कॉफी कुठे वाळवायची मग?" असं त्यांनी हळूच विचारलं. ते कुणाच्याच चित्रात नव्हतं.

रविवारी आम्ही सगळे चर्चमध्ये गेलो. काबुला घरी राहिली, जेवण तिच्याकडे होतं. मटण-केळी चुलीवर चढवली आणि बाईनं विचार केला, हे लोक नुसते बोलतात, आपण सुरुवात करावी. अंगणाच्या मधे ती पानांची वेडीवाकडी रांग तिच्या डोळ्यांना खुपत होतीच. कुदळ घेतली आणि घरापुढची सगळी रांग उपटून टाकली. सुकुमा बाई, कामाला वाघ!

बरं, उपटलेली रोपं फेकणं तिच्या जिवावर आलं. तिच्या माहेरी जास्तीचं रोप शेजाऱ्याला देतात. दोरी सापडेना, म्हणून तिनं इसालेच्याच एका लांब पानानं मोळी बांधली, छान घट्ट गाठ मारली आणि गेली एलिसारियाच्या दारात. आजारपणामुळे तो घरीच होता. गुडघे टेकून तिनं मोळी दिली. स्वतःच्या नावानं द्यायला लाजली, म्हणून म्हणाली, "काका, बाबांनी पाठवलंय."

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. चर्चमधून परतलो तेव्हा दिसलं ते नुसतं उघडं, लाल मातीचं अंगण.

भावोजी फाटकातच थांबले. डोळे चोळले. मग मला म्हणाले, "आपण दुसऱ्याच्या घरी आलो का?"

गॉडलिसन बायकोवर धावून गेला. "हद्द उपटलीस? अगं, हद्द! आता भाऊबंदांची बैठक बसेल. काका कोयता घेऊन येईल!"

"कसली हद्द? झाडं होती ती!" काबुला रडायला लागली. "मी तर ती बांधून काकांना देऊनसुद्धा आले."

"कशानं बांधलीस?" मी विचारलं.

"त्याच्याच पानानं. का?"

"गाठीचं पान!" मी डोक्याला हात लावला. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं आणि कळत नव्हतंही.

तेवढ्यात मोकळ्या अंगणातून एलिसारिया येताना दिसला. अंगात ठेवणीतला कोट, एका हातात म्बेगेचा, आमच्या केळ्याच्या दारूचा, भोपळा, दुसऱ्या हातात ते गाठीचं पान. रांग होती तिथे तो क्षणभर अडखळला, खाली पाहिलं आणि पुढे आला. किती वाळला होता! जवळून पाहिलाच नव्हता आम्ही.

"दादा," तो म्हणाला, "तुझं पान पोचलं. वर हद्दसुद्धा काढून टाकलीस. माझं मन एवढं मोठं झालं नसतं. मी तुला माफ केलं."

माफ केलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यानं काही केलंच नाही त्यालाच माफी? मी तोंड उघडलं, तशी भावोजींनी माझं मनगट धरलं.

"एलिसारिया, मी काय…" त्यांनी सुरुवात केली. "म्हणजे माझं नेमकं काय…"

"जाऊ दे ना, दादा. पान आल्यावर हिशोब विचारायचा नसतो."

भावोजी उघड्या मातीकडे बघत राहिले, मग सुनेकडे, मग भावाच्या कोटाकडे. तो आता त्याला दोन मापं मोठा होत होता. सबंध आयुष्यात मी त्यांना इतकं गोंधळलेलं पाहिलं नव्हतं. आणि मग ते म्हणाले, "हो. मीच पाठवलं. बस."

दोघं बसले. भोपळा इकडून तिकडे फिरत राहिला. एलिसारिया जायला उठेपर्यंत जेवण गार झालं होतं.

तो गेल्यावर काबुला भावोजींच्या पायाशी येऊन बसली. "बाबा, मी जाऊन खरं सांगते. चूक तुमची नव्हतीच. तुमच्या नावाला बट्टा नको."

"खबरदार!" भावोजी गरजले. माझी बहीण असती तर दचकून उठली असती. "कुणी एक अक्षर बोलायचं नाही. अंगणात काय हवं ते लावा, फक्त एलिसारियाला विचारून लावा. आणि मी बरोबर होतो, असं यापुढे मला कुणी सांगू नका. बरोबर असताना फार वर्षं मी म्बेगे एकट्यानं प्यालोय."