सोमवारचं अळणी वरण

वीस वर्षं रोज प्यायल्यावर मी वाशिमच्या दवाखान्यात राहून दारू सोडली. हातांची थरथर थांबली, झोपही येऊ लागली, पण मन कशातच लागेना. डॉक्टर म्हणाले, "दारू मेंदूत रोज आनंदाच्या रसायनाचा पूर आणायची. मेंदूनं वैतागून आपली दारंच लावून घेतली. आता साध्यासुध्या गोष्टींचं सुख आत शिरायला काही महिने लागतील."

बायकोनं हे नीट ऐकलं आणि अनसिंगला घरी आल्यावर आपली वेगळीच तपासणी सुरू केली. दर सोमवारी ती वरणात मीठच घालत नसे. मला ते कळायचं, पण बोलावंसं वाटायचं नाही. वरण काय आणि पाणी काय, मी मुकाट जेवून उठायचो.

गहू काढला त्या सोमवारी दुपारी मी भुकेजून घरी आलो. गरम भाकर वरणात कुस्करली, पहिला घास घेतला आणि माझं डोकंच फिरलं. "वाशिमच्या बाजारातलं मीठ संपलं काय? एवढ्या चांगल्या तुरीच्या वरणाचं वाटोळं केलं!"

बायको खळखळून हसली आणि गुळाचा खडा घेऊन थेट शेजारणीकडे धावली. "याईले वरण अळणी लागलं वं!" शेजारणीनं गूळ हातात धरून विचारलं, "मंग त्याचा गूळ कायले वं?"

माझ्या शेजारी जेवत बसलेल्या आईनं ताट पुढं सरकवून सुनेला हाक मारली, "आता तरी मीठ दे वं पोरी! सहा महिने झाले, याच्यापायी दर सोमवारी मी बी अळणीच गिळून राह्यली."