टेपवरची दोन मिनिटं

शनिवार, ७ फेब्रुवारी १९८७. सकाळची शाळा. हजर: तिसरी 'ब'ची पटावरच्या अठ्ठेचाळीसपैकी पंचेचाळीस मुलं, आजूबाजूच्या शाळांतले बारा शिक्षक, आमच्या मुख्याध्यापिका, संस्थेचे चिटणीस, आदर्श पाठ घेणाऱ्या नव्या बाई आणि मी, तिसरी 'अ'ची वर्गशिक्षिका. खुर्च्या सोळा, त्यांतली एक जादा.

माझ्या त्या वर्षीच्या डायरीतली त्या दिवसाची नोंद इथेच संपते. एरवी मी नोंद अर्धवट सोडत नाही. त्या दिवशी सोडली, कारण जे लिहायचं होतं ते माझ्याच विरुद्ध होतं.

आमची शाळा अंधेरीला, वर्सोव्याच्या रस्त्यावर. वर्गात कोळीवाड्यातली मुलं, चाळींतली कोकणी मुलं आणि नव्या इमारतींतली थोडी. डेडस्टॉक रजिस्टर माझ्याकडे होतं. पृथ्वीचा गोल, तराजू, पितळी घंटा, अशा शाळेतल्या प्रत्येक टिकाऊ वस्तूची त्यात नोंद असे. वर्षअखेरीला वस्तू मोजायच्या, नोंदीशी ताडून पाहायच्या आणि शेऱ्याच्या रकान्यात 'सुस्थितीत' लिहायचं. वस्तू सुस्थितीत ठेवण्याचा एकच खात्रीचा उपाय मला माहीत होता: कपाटात ठेवायच्या आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची.

त्या कपाटात एक टेपरेकॉर्डर होता. एका पालकांनी दुबईहून आणून शाळेला भेट दिलेला. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला बाहेर यायचा, गाणी वाजवायचा आणि भरतकामाच्या झाकणाखाली परत जायचा.

नव्या बाई दिवाळीनंतर आल्या. बाळंतपणाच्या रजेच्या जागेवर, म्हणजे एप्रिलपर्यंतच. वय तेवीस-चोवीस. दुसऱ्याच आठवड्यात माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाई, तो टेप हवाय."

"स्नेहसंमेलनाला अजून वेळ आहे."

"संमेलनाला नाही, वर्गात. मुलांना द्यायला."

"मुलांच्या हातात? तिसरीच्या?"

"हो. पाच-पाच जणांच्या हातात."

मुख्याध्यापिकांनी हो म्हटल्यामुळे मला द्यावा लागला. तारीख, वेळ, वस्तूची स्थिती लिहून मी त्यांची सही घेतली. नंतर चार दिवस मी मुद्दाम त्यांच्या वर्गावरून जात होते. टेप कधी पडतो ते बघायला, खोटं कशाला बोलू!

तो पडला नाही. त्यांनी वर्गाचे गट पाडले होते. प्रत्येक गटात एक बटणवाला, एक माईकवाला, एक प्रश्नवाला, एक वहीवाला आणि एक घड्याळवाला. ही नावं मुलांनीच दिलेली, मुलगी असली तर बटणवाली. बाकी चौघांनी 'तयार' म्हटल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. दर आठवड्याला कामं बदलायची. प्रत्येक गटाने आपल्या भागात काम करणारं एक माणूस शोधायचं, त्याला प्रश्न विचारायचे आणि उत्तरं टेप करून आणायची. पोस्टमन, गवंडी, इस्त्रीवाला. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात हे सगळे चित्रात होते. इथे ते खोकत होते, हसत होते, "पोरांनो, मला कामं आहेत रे," म्हणत होते.

एकदा भांडण चाललं होतं तेव्हा मी दारातच होते.

"ए, आज मी बटण!"

"गेल्या आठवड्यात तूच होतास ना? आज तू वही."

"वहीत काय मजा आहे यार? तुम्ही बोलता, मी नुसता लिहितो. आणि लिहीपर्यंत तुम्ही पुढे."

मी असते तर दोघांना बाकावर उभं केलं असतं. बाई वह्या तपासत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठरलं की सांगा. तोवर टेप बंद."

बराच वेळ गेला. मग गटाने येऊन सांगितलं: वहीवाल्याचं लिहून झालं नाही, तर त्याने हात वर करायचा आणि बटणवाल्याने टेप थांबवायचा. पुढच्या आठवड्यापासून वहीसाठी रांग लागली. सगळ्यांना थांबवायचा अधिकार कुणाला नको असतो! मी माझ्या वर्गात आले आणि गप्प बसलेल्या माझ्या पन्नास मुलांकडे पाहिलं. शिस्त माझ्याकडे होती. पण आपसात काही ठरवताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

जानेवारीत मुख्याध्यापिकांनी ठरवलं की हा पाठ आजूबाजूच्या शाळांना दाखवायचा. चिटणीसही येणार होते. नव्या बाईंना जूनपासून कायम घ्यायचं की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. बाईंच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटे दोघे शिकत होते. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, शिपाईमावशींनी सांगितलं.

बाई कॅसेट घेऊन माझ्याकडे आल्या. "बाई, हिच्या कडेला या दोन चिपा आहेत ना, त्या मोडू का? मोडल्या की वरून दुसरं भरलं जात नाही."

"मोडू का? कॅसेट रजिस्टरवर आहे. मोडलेल्या वस्तूपुढे मी 'सुस्थितीत' कसं लिहू?"

"त्या मोडण्यासाठीच असतात, बाई."

"मोडण्यासाठी असलेली वस्तू मी अजून पाहिली नाही."

त्या हसल्या आणि कॅसेट तशीच परत ठेवली.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, माझी यादी तयार होती. खुर्च्या, सतरंज्या, पाण्याचा माठ, टेप चालतो का पाहणे. मुलं दोन बटणं एकदम दाबतात हे मी पाहिलं होतं, म्हणून मीही दाबली. आवाज येतो का बघायला काहीतरी बोलायला हवं, म्हणून हातातली यादीच वाचली. रजिस्टरमध्ये नवी नोंद जुनीच्या खाली येते, जुनी पुसली जात नाही. टेपमध्येही तसंच असणार, असं मी धरून चालले होते. यादीतल्या टेपपुढे खूण केली आणि घरी गेले.

शनिवारी पाठ सुंदर चालला होता. पोस्टमन झाला, गवंडी झाला. मग वर्सोव्याचा गट उठला. त्यातल्या वहीवालीची आजी बोंबील वाळत घालायचं काम करायची. रविवारी बाई या पाचही जणांना घेऊन खाडीकाठी गेल्या होत्या. टेपवर वारा ऐकू आला, मग आजीचा खणखणीत आवाज, "काय गो पोरी, ह्यात बोलू?" पाहुणे हसले. आणि मग कट् असा आवाज होऊन दुसराच आवाज सुरू झाला.

"खुर्च्या सोळा. सतरंज्या दोन. मावशी, माठ भरला का? नाही? मग कधी भरणार, पाहुणे गेल्यावर?"

मग मागच्या बाकावरून, "ए, ह्या तर 'अ'च्या बाई!"

सगळा वर्ग हसत सुटला. चिटणीस हसले नाहीत, त्यांनी पेन काढलं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्या जागेवरून हलल्या नाहीत. त्या मुलांकडे बघत होत्या.

पाच डोकी एकत्र आली. कुजबुज झाली. मग वहीवालीने हात वर केला. "बाई, हे आम्ही सांगू?"

"सांगा."

"तयार?" बटणवाल्याने विचारलं. चौघांनी 'तयार' म्हटलं. त्याने टेप बंद केला नाही, फक्त आवाज कमी केला. घड्याळवाल्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं; आजीचं बोलणं किती मिनिटांचं होतं ते त्याला पाठ होतं. वहीवाली आजी झाली, वहीतून वाचत, पण आजीच्याच हेलात. प्रश्नवाल्याने तेच प्रश्न पुन्हा विचारले. माईकवाली पुढे आली आणि दोन्ही हातांच्या बोटांनी दाखवू लागली: एका बोंबलाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवायचं आणि जोडी दोरीवर टाकायची.

"एकेकटा का नाही टाकायचा?"

"एकटा घसरून पडतो. वाळूत पडला की कावळा नेतो."

घड्याळवाल्याने हात खाली केला. बटणवाल्याने आवाज वाढवला. दोन शब्द अजून माझे होते, "फळा पुसला", आणि लगेच पाठोपाठ आजी, "झाला ना? आता जा घरा, ऊन लागंल."

बारा शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मी हे पाहत होते आणि मला एकच गोष्ट कळत होती. त्या बाईंनी तीन महिन्यांत मुलांना नुसता टेप चालवायला शिकवलं नव्हतं. टेप बिघडला तर काय करायचं ते शिकवलं होतं, आणि तेही न सांगता.

पाठानंतर मुख्याध्यापिकांच्या खोलीत चर्चा झाली. चिटणीस म्हणाले, "मुलं हुशार आहेत. पण साधन तुमच्या ताब्यात होतं, बाई. दुसऱ्याने हात लावलाच कसा? हा निष्काळजीपणा मला लिहावा लागेल."

"सर, तपासून ठेवायला मीच त्यांना सांगितलं होतं," नव्या बाई म्हणाल्या.

हे साफ खोटं होतं. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. मी उठून उभी राहिले.

"साहेब, मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि यांनी कॅसेटच्या चिपा मोडायला मागितल्या होत्या, मी दिल्या नाहीत. मोडल्या असत्या तर हे झालंच नसतं. लिहायचं तर माझ्या नावावर लिहा."

चिटणीसांनी पेन कागदावर टेकवलं. मग म्हणाले, "आणि ते आवाज कमी करायचं? ते तुम्ही पढवलं होतं?"

"नाही, सर. मला सुचलंसुद्धा नव्हतं," बाई म्हणाल्या.

"हं," ते म्हणाले आणि लिहू लागले. काय लिहिलं ते तेव्हा कळलं नाही. जूनमध्ये बाई कायम झाल्या, तेव्हा कळलं.

त्या जूनपासून टेप कपाटातून निघून तिसरीच्या दोन वर्गांमधल्या फडताळात गेला. सही बटणवाला करायचा. माझ्या वर्गात पहिल्या महिन्यात इतका गोंगाट झाला की मुख्याध्यापिका दोनदा डोकावून गेल्या. मी वह्या तपासत बसायला शिकले. मान वर न करता बसणं मात्र मला बाईंसारखं कधीच जमलं नाही.

त्या शनिवारी शाळा सुटताना वर्सोव्याचा गट माझ्यासमोर येऊन उभा राहिला होता. "बाई, आमची दोन मिनिटं पुसली तुम्ही," वहीवाली म्हणाली. मी म्हटलं, मी स्वतः तुमच्याबरोबर येईन, आजीकडून पुन्हा भरून घेऊ. डायरीतल्या कामांच्या यादीत लिहूनही ठेवलं. मग परीक्षा आल्या, मग सुट्टी. पुढच्या हंगामात मुलं चौथीत गेली होती, गट वेगळे झाले होते, आणि दर रविवारी माझ्या यादीत आधी दुसरंच काहीतरी असायचं.

टेप निर्लेखित झाला, म्हणजे रजिस्टरमधून बाद झाला, तेव्हा कॅसेट मी मागून घेतली. तिच्या चिपा अजून शाबूत आहेत. वरून भरता येईल. दर वर्षी नवी डायरी घेतली की जुन्या डायरीतली राहिलेली कामं मी पहिल्या पानावर उतरवते. पहिली ओळ तीच असते: वर्सोवा, आजी, दोन मिनिटं. पुढे खूण नाही.