तीनशेवरचा पंप

"मामा, आता आठवड्यातून तीनदा यावं लागेल," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

सिद्धप्पामामांचा चेहरा उतरला. मामा मैंदर्गीचे, मेंढपाळ. घरात ते आणि मामी, दोघंच. "दोनदा येतो तेच लई हाय. तीन दिवस हितं सोलापुरात काडले तर मेंढरं कोन बघंल? इकावीच लागतील की."

मी डायलिसिस टेक्निशियन. मामा दोन वर्षं माझ्याच मशीनवर होते. हल्ली त्यांच्या अंगाला खाज सुटायची, जेवण जात नव्हतं. रिपोर्टही सांगत होता, रक्ताची सफाई अपुरी होतेय. मॅडमना फिस्टुलाचा संशय होता. फिस्टुला म्हणजे सुया टोचायला हातातल्या रक्तवाहिन्या जोडून तयार केलेली जाड शीर. तपासली, तर ठणठणीत.

"पंप कितीवर ठेवतेस?" मॅडमनी मला विचारलं.

"तीनशे," मी म्हणाले. म्हणजे मिनिटाला तीनशे मिली रक्त फिल्टरमधून जातं. चार्टवर तेच होतं. पण बोलता बोलताच जाणवलं, ते खरं नव्हतं.

मी तीनशेवर सुरू करायची, चार्ट भरायची. दहा मिनिटांत मामा म्हणायचे, "ताई, जरा हळू कर की. ताकद वढून घेतंय मशीन." मला वाईट वाटायचं. मी दोनशेवर आणायची. चार्ट तसाच राहायचा.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. "महिनाभर तीनशे. रिपोर्ट सुधारला तर दोनदाच येऊ देत. आणि त्यांना तूच समजाव."

मी मामांजवळ बसले. "मामा, थकवा येतो तो अंगातलं साठलेलं पाणी काढल्यानं. त्याचं सेटिंग वेगळं. पंप हळू केला तर फक्त सफाई कमी होते. लोकर कातरायच्या आधी मेंढरं ओढ्यात धुता ना? दिवस मावळेपर्यंत निम्मीच धुतली तर?"

"बाकीची मळकीच ऱ्हातील."

"तुमचं रक्त मी तसंच घरी पाठवत होते. चूक माझी."

 मामा म्हणाले, "आन् मी बी तुलाच सांगत हुतो, हळू कर म्हून. लाव तीनशे."

महिन्याने रिपोर्ट सुधारला. खाज कमी झाली. मेंढरं वाचली.

आता चार्ट मी स्क्रीनकडे बघून दर तासाला भरते. मामा दर वेळी विचारतात, "तीनशे हाय न्हवं?" मी व्हय म्हणते. तरी मान वळवून ते स्वतः आकडा बघतात. मला जरा लागतं. पण बघावाच त्यांनी.