बंद खोलीतली ऊब

"थांबा. बोलू नका. पाय ऐकतायत."

कोणाच्याही घरात शिरल्यावर काकूंचं पहिलं वाक्य हेच. दारात बूट काढायचे, मग मोजे काढून पर्समध्ये ठेवायचे आणि डोळे मिटून जमिनीवर उभं राहायचं. सत्तरीची बाई, लोकरी टोपी, अनवाणी पाय. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, आता हिच्या अंगात येणार.

काकू इंजिनिअर होत्या. घरं गरम ठेवणाऱ्या यंत्रणा बनवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर आमच्या बॉथेल या परदेशी गावातली मराठी घरं त्यांना हक्कानं बोलवायची. इथल्या काही घरांत जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवलेले असतात. आपण घरात अनवाणी वावरणारे, त्यामुळे बिघाड आपल्या तळव्यांना आधी कळतो. एका घरी रोज संध्याकाळी हॉल गार पडायचा. काकूंनी पाहिलं तर देव्हारा नेमका थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमान बघून गरम पाणी चालू-बंद करणाऱ्या भिंतीवरच्या बटणाच्या, खाली. "समई लावलीत की त्याला वाटतं उन्हाळा आला. देव हलवा, नाहीतर स्वेटर घाला."

त्यांनी ड्राइव्ह करणं सोडलं होतं, म्हणून मी त्यांना न्यायची. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. भुताखेतांविरुद्धची पत्रकं माझे वडील गावोगाव वाटायचे आणि उरलेल्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. काकूंबरोबर फिरणं ही माझ्या लेखी चळवळच होती. काकू म्हणायच्या, "मोर्चा गाडीत ठेव. आत फक्त स्क्रूड्रायव्हर आण."

२००६च्या हिवाळ्यात एका वहिनींचा फोन आला. त्यांनी उन्हाळ्यात नवं घर घेतलं होतं. थंडीच्या सुरुवातीला पुण्याहून सासरे राहायला आले आणि त्याच घरात, झोपेत गेले. मुलानं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्यानं, वडिलांच्या खोलीचा थर्मोस्टॅट बंद केला, दार ओढून घेतलं. तेव्हापासून हॉल गारठलेला आणि ती बंद खोली मात्र तापत चाललेली. हॉलची उष्णता जितकी वाढवावी, तितकी त्या खोलीची जमीन गरम. वहिनींना सातवा महिना होता. नवरा बेलव्ह्यूला ऑफिसात, आणि त्या दिवसभर त्या दारासमोर एकट्या.

"मी आईकडे जातेय काकू. तिकीट बघितलंय. या घरात मी बाळ आणणार नाही."

आम्ही गेलो त्या दिवशी नवरा घरी होता. "काकू, इट्स ऑल इन हर हेड, यार," तो दारातच म्हणाला. काकूंना यार म्हणणारा तो पहिलाच. माझं डोकं फिरलं. बायकोच्या भीतीला वेड ठरवणारी शिकलेली माणसं मला भुतांपेक्षा भयंकर वाटतात. मी तसं म्हणणार, तेवढ्यात काकूंनी हात वर केला. "पाय ऐकतायत."

दुपारीच अंधारून आलं होतं. काकूंनी ते दार उघडलं आणि आतली ऊब चेहऱ्यावर आली, कोणी नुकतंच पांघरूण बाजूला सारावं तशी. पलंगाखाली सासऱ्यांच्या चपला होत्या. मी वाकून एक हातात घेतली. ती आतून उबदार होती. सांगते, माझ्या अंगावर काटा आला.

काकूंनी खोलीतला बंद थर्मोस्टॅट चालू केला आणि मला हॉलमध्ये उभं केलं. बऱ्याच वेळानं माझ्या तळव्यांखाली हॉलची जमीन कोमट होऊ लागली. घर बांधणाऱ्यांनी तारा उलट जोडल्या होत्या. खोलीचं बटण हॉल तापवत होतं आणि हॉलचं बटण ती खोली.

वहिनी मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. "म्हणजे मी वेडी नाही ना?"

"तू एकटीच शहाणी आहेस इथे," काकू म्हणाल्या.

नवरा मात्र हसत नव्हता. "काकू, बाबा रोज म्हणायचे, थंडी वाजते. स्वतःचं बटण वाढवायचे. मग हॉलमध्ये इतकं गरम व्हायचं, की मी हॉलचं कमी करायचो." त्यानं पलंगाकडे पाहिलं. "म्हणजे मी..."

माझ्या वडिलांच्या सगळ्या पत्रकांत याचं उत्तर नव्हतं. मला वाटलं, काकू निदान इथे तरी खोटं बोलतील.

"हो," काकू म्हणाल्या. "त्यांना खरंच थंडी वाजत होती. आणि तुला ते कळायला मार्ग नव्हता. दोन्ही खरं आहे. मोजे काढ."

त्यानं काढले. काकूंनी त्याला वडिलांच्या पलंगाशी उभं केलं आणि मला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायची खूण केली. "तारा उद्या बदलू." निघताना मागे पाहिलं, तर दोघं त्या खोलीत जमिनीवर बसले होते. वहिनींनी तिकीट काढलं नाही.

पुढच्याच वर्षी काकू गेल्या. त्यांचा मुलगा मॉरिसव्हिलहून आला, सामान आवरलं, जमिनीखालच्या पाइपांचं पाणी तापवणारा बॉयलर बंद केला आणि घर विकेपर्यंत किल्ली माझ्याकडे ठेवली. बऱ्याच आठवड्यांनी, थंडी ऐन भरात असताना, मी झाडांना पाणी घालायला गेले. सवयीनं बूट काढले. मग मोजेही.

सगळी जमीन बर्फ. फक्त स्वयंपाकघरात ओट्यासमोर दोन पावलं मावतील एवढी जागा उबदार होती.

मी बॉयलर पाहिला. बंद. पाइपांना हात लावले. गार. ओट्याखाली वाकून पाहिलं. काही नाही. परत येऊन त्या जागेवर उभी राहिले. अजून उबदार.

कारण असणारच. मी अजूनही पत्रकांचीच मुलगी आहे. फक्त ते शोधायला आता कोणाला बोलवायचं, ते कळेना. मी डोळे मिटले आणि तशीच उभी राहिले.