चौदा महिन्यांचं शहाणपण

कामावर त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे का, हे गवंडी दोरीला टांगलेल्या ज्या वजनाने बघतो, तो ओळंबा. हा मात्र भिंती बांधत नव्हता, रस्त्यांवर पांढऱ्या रेघा मारायचा. एकवीस वर्षं त्याने रंगगाडी चालवली. गाडीच्या पुढे एक लोखंडी दांडी, दांडीच्या टोकाला लोंबती साखळी. साखळी रस्त्यावरच्या खुणेवर धरायची आणि गाडी माणसाच्या चालीने न्यायची. मान वळवायची नाही. शिंक आली तर गिळायची. ज्यांना हे काम सोपं वाटतं त्यांनी घरच्या फरशीवर खडूने दहा पावलांची रेघ ओढून बघावी, मग बोलावं.

त्याची वाकडी रेघ एकच. तिचं असं झालं.

एका सोबत्याच्या निरोपाचं जेवण होतं, भर दुपारी. दोन पेल्यांवर थांबायचं असं ओळंब्याने ठरवलं होतं. ते त्याला चौथ्या पेल्यानंतर आठवलं. त्यात दोनशे मीटर रेघ शिल्लक राहिलेली. "एवढं उरकून येतो," म्हणाला आणि गाडीत चढला. पहिले पन्नास मीटर नेहमीसारखे गेले. मग रेघ जरा डावीकडे झुकली. चूक लक्षात आली तशी ती जास्तच उजवीकडे गेली, आणि शेवटी कडेच्या झुडपात शिरली. झुडूपही पांढरं झालं.

मागून एक पोलीस मोटरसायकलवरून हळूहळू येत होता. त्याने आधी रेघेकडे पाहिलं, मग झुडपाकडे, मग ओळंब्याकडे.

"काका, पुरावा गोळा करायचं कामच ठेवलं नाहीत. रंगवूनच दिलात."

नळीत फुंकायला लावलं. आकडा असा आला की पोलिसाने दोनदा वाचला. कुणाला लागलं नाही, पण दहा मिनिटांपूर्वी त्याच बाजूने एक सायकलवाली गेली होती. हे कळलं तेव्हा ओळंब्याची उतरली. त्या दिवसापासून त्याने पेला तोंडाला लावला नाही. त्याचं कुणी कौतुक करू नये, असं तो स्वतःच म्हणतो. आग लागल्यावर काडेपेटी फेकण्यात कसलं कौतुक?

त्या रेघेवर काळा रंग मारला. पण काळ्यावर काळं लपत नाही. सकाळी ऊन तिरपं पडलं की ती वळवळ चकाकायची. लोक गाड्या हळू करून बघायचे.

खटला लागला तेव्हा वकील म्हणाला, "तारखा लांबवू. पोलिसाची बदली होईल, साक्षीदार विसरतील." ओळंब्याला हे फार पटलं. एकदा त्याची पाठ धरली, एकदा दाढ दुखली, एकदा वकिलाचीच पाठ धरली. चौदा महिने निघाले. पोलिसाची बदली झाली नाही, बढती झाली. तो कडक इस्त्रीचा गणवेश घालून आला आणि सोबत झुडपाचे फोटो घेऊन आला. दंड झाला, वर्षभर परवाना गेला.

"चौदा महिने तरी वाचले," ओळंबा बाहेर येऊन म्हणाला.

"काय वाचलं?" बायको म्हणाली. "वर्ष आजपासून मोजणार."

तिचा हिशोब त्याला तेव्हा कळला नाही.

वर्षभर तो पायी कामावर गेला. रंगगाडी त्याच्या भाचीकडे गेली. तिला त्यानेच शिकवलं होतं. आता ती वर बसायची आणि मामा खाली: पुढे झाडू, मग दोरी, मग खुणा, मग नारिंगी शंकू मांडणं, आणि वाळल्यावर तेच शंकू उचलणं. शंकू तिला वरून दिसतात तेवढे हलके नसतात.

"मामा, जरा भरभर!"

"तू सरळ बघ. साखळी हलतेय तुझी."

"वारा आहे."

"एकवीस वर्षं मलाही वारा होता."

घरीही निस्तरावं लागलं. छोटी गाडी बायकोच्या नावावर होती, पण विमावाले घरात कोण कोण राहतं ते विचारतात. नवरा राहतो म्हटल्यावर हप्ता जवळजवळ दुप्पट झाला. बायकोने उपाय काढला. हा माणूस या गाडीचं चाक हातात धरणार नाही, असा कागद कंपनीला लिहून दिला. लग्नातसुद्धा तिने इतक्या झोकात सही केली नव्हती.

वर्षाने परवाना परत आला. ओळंबा तो घेऊन मुकादमापुढे उभा राहिला.

"काका, परवाना सरकार देतं," मुकादम म्हणाला. "रंगगाडीचा विमा कंपनी देते. त्यांना तुमचं नाव चालत नाही. परिवहन कचेरीत तुमची नोंद पाच वर्षं राहणार. ती पुसली की बघू."

ओळंबा थांबला. कुरकुर केली ती फक्त शंकूंजवळ. त्याला एकच हवं होतं. निवृत्त होण्याआधी पुन्हा रेघ मारायची, आणि लोकांनी त्याला तिच्यावरून ओळखायचं, झुडपावरून नाही.

शिक्षेला पाच वर्षं झाली त्या सकाळी तो कचेरी उघडायच्या आधी दारात होता. खिडकीतल्या कारकुनाने उतारा काढून दिला. एकही नोंद नाही. ओळंब्याने तो कागद प्लास्टिकात घालून घेतला. बायकोला दाखवला, भाचीला दाखवला, न्हाव्यालाही दाखवला.

मुकादमाने विमा कंपनीचा फॉर्म पुढे केला. अकरावा प्रश्न असा: मागच्या सात वर्षांत दारू पिऊन वाहन चालवल्याबद्दल शिक्षा झाली आहे का?

ओळंब्याने विमा कचेरीत फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या, आवाज गोड, उत्तरं कोरडी.

"बाई, माझा कागद कोरा आहे. सरकारी आहे."

"असेल ना. पण प्रश्न कागदाला नाही विचारलेला, तुम्हाला विचारलाय."

"सरकार पाच वर्षांत विसरलं. तुम्हाला सात कशाला?"

"काही कंपन्या तीन वर्षांचं विचारतात, काही दहा. आम्ही सातचं विचारतो. सरकार शिक्षा देतं, काका. आम्ही धोका मोजतो."

"बरं, सात. गुन्हा घडला तिथून सहा वर्षं दोन महिने झाले. म्हणजे दहा महिन्यांत सुटलो."

"गुन्ह्यापासून नाही मोजत. शिक्षेपासून."

ओळंबा बोटं मोजू लागला. शिक्षेपासून पाच झाली, दोन उरली. चोवीस महिने. आणि त्याची निवृत्ती बाविसाव्या महिन्यात. पाठ, दाढ आणि वकिलाची पाठ यांनी त्याला बरोबर दोन महिन्यांनी बुडवलं होतं. पहिल्याच तारखेला उभा राहून "चुकलो" म्हणाला असता तर वर्षभर गाडी हातात आली असती.

"आता कळलं काय वाचलं ते?" बायको म्हणाली.

भाची फॉर्मवर वाकली. "मामा, 'नाही'वर खूण कर. नोंदच नाही म्हटल्यावर कोण बघतंय?"

ओळंब्याने पेन घेतलं. बराच वेळ ते दोन चौकोनांच्या मध्ये धरून बसला.

"आणि तुझ्या गाडीखाली कुणी आलं तर?" तो शेवटी म्हणाला. "नाही, माझ्या. माझ्या गाडीखाली. तेव्हा ती बाई हाच कागद काढणार आणि एक पै देणार नाही. ज्याला लागलं त्याने काय करायचं?" आणि त्याने 'होय'वर खूण केली, इतकी दाबून की खालच्या कागदावरही उमटली.

बावीस महिन्यांतले एकवीस असेच गेले. झाडू, दोरी, शंकू.

शेवटच्या आठवड्यात नव्या रस्त्याचं काम होतं. मधली रेघ तीन किलोमीटर उरलेली, सोमवारी रस्ता उघडायचा, आणि शुक्रवारी सकाळी रंगगाडीची नळी चोंदली. भाचीने आदल्या संध्याकाळी ती स्वतः धुतली होती, हे ओळंब्याने पाहिलं होतं.

"चोंदलीच कशी?"

"चोंदली असेल," भाची आभाळाकडे बघत म्हणाली. "गोदामात ते हाताने ढकलायचं यंत्र आहे ना? दोन चाकांचं. पण मला नाही जमायचं, मामा. पाय दुखतात माझे."

मुकादम घाबरला. विमा नाही तर काम नाही. ओळंब्याने तिथूनच विमा कचेरीतल्या बाईंना फोन लावला.

"ढकलायचं यंत्र आहे, बाई. इंजिन नाही."

"चालक कुठे बसतो?"

"बसत नाही. मागून चालतो."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज. "मग आमच्या लेखी तो पादचारी."

"परवाना?"

"चालायला? नको, काका."

ओळंब्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. दोरी स्वतः ताणली, भाचीला दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि तीनदा परत ताणायला लावली. मग यंत्राला छाती लावली. भरलेलं यंत्र नव्वद किलोचं, आणि रस्त्याला बारीक चढ, जो गाडीतून कधी कळला नव्हता. शंभर मीटरला थांबायचं, नळीचं तोंड पुसायचं, पुढे. दुपारपर्यंत दीड किलोमीटर रेघ झाली. बायकोने डबा आणला. तो त्याने उभ्यानेच खाल्ला, कारण बसलो तर उठणार नाही, हे त्याला माहीत होतं. तळपायांना फोड आले. चार वाजता भाची म्हणाली, "मामा, दे, थोडं मी ढकलते."

"पाय दुखतात ना तुझे?"

ती दोरीचं टोक धरायला परत गेली.

पावणेसहाला त्याची रेघ भाचीच्या कालच्या रेघेला जाऊन भिडली. भाची रस्त्यावर पालथी पडून एका डोळ्याने बघू लागली. खूप वेळ बघितलं.

"एक बोट सरकलीय."

"तुझी."

"मोजायची फीत आण," भाची म्हणाली.

फीत लावली. सरकली होती ती ओळंब्याची. शेवटच्या वीस पावलांत, दमल्यावर. त्याने ब्रश आणि खरवडणी मागितली, गुडघे टेकले आणि ती वीस पावलं हाताने सरळ केली. रंग सुकायला अजून अर्धा तास होता.

तेवढ्यात मुकादमाची गाडी शंकूंमधून वाट काढत येऊ लागली. ओळंबा कण्हत उठला, रस्त्याच्या मधोमध गेला आणि हात वर केला.

"गाडी तिथेच ठेवा," तो ओरडला. "चालत या. कडेकडेने."

मुकादमाने गाडी थांबवली, दार उघडलं आणि तीन किलोमीटरची ती रेघ बघत बघत कडेकडेने चालत आला.